ओपनझेडएफएस: रॅम खातं, पण आता जरा शिस्तीत
घरच्या नॅसवर (नेटवर्कवरून फाइली पुरवणारं छोटं मशीन) लिनक्स टाकून ओपनझेडएफएस ही फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर डेटा ठेवायची व्यवस्था, वापरतोय आणि एकंदरीत खुश आहे, फक्त रॅमचं प्रकरण आधी समजून घ्या. याची कॅश, म्हणजे वाचलेला डेटा रॅममध्ये ठेवायची जागा, हिला एआरसी म्हणतात; ती लिनक्सच्या स्वतःच्या फाइलींच्या कॅशपासून, म्हणजे पेज कॅशपासून, वेगळी असते, त्यामुळे मेमरी दाखवणारी फ्री कमांड मारली की ती सगळी मेमरी युज्डमध्ये दिसते आणि नवीन माणूस म्हणतो मेमरी लीक झाली, घेतलेली परत मिळतच नाही! लीक वगैरे काही नसतं हो, इतर प्रोग्रामना गरज पडली की ती आकसते, जरा सावकाश आकसते एवढंच.

खरी मजा २०१७ च्या ०.७ व्हर्जनमध्ये झाली. आधी डेटाचे बफर, म्हणजे रॅममधले तात्पुरते तुकडे, सलग व्हर्च्युअल अ‍ॅड्रेसवर (मेमरीच्या पत्त्यांवर) घ्यायचे, म्हणजे डिफॉल्ट १२८ केबीच्या रेकॉर्डला (डेटाच्या एका ठोकळ्याला) सलग तेवढा पत्ता हवा, आणि कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ते महाग पडतं, मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत विखुरते (फ्रॅगमेंटेशन) ते वेगळंच. मग एबीडी नावाची नवी पद्धत आली, मेमरीची सुटी पानं (छोटे तुकडे) गोळा करून त्यांची यादी ठेवायची, सलग जागेचा हट्टच नाही. शिवाय त्याच व्हर्जनपासून कॉम्प्रेस केलेला डेटा कॅशमध्ये तसाच राहतो, म्हणजे तेवढ्याच रॅममध्ये जास्त माल.

न आवडलेलं? एमएमॅप केलेल्या, म्हणजे प्रोग्रामने थेट मेमरीत जोडून घेतलेल्या, फाइली पेज कॅश आणि एआरसी दोन्हीकडे बसतात, डबल खर्च. आणि २.३ पासून लिनक्सवर एआरसीची डिफॉल्ट मर्यादा अर्ध्या रॅमवरून बरीच वर नेलीये, तेव्हा त्याच मशीनवर व्हीएम (मशीनच्या आतली आभासी मशीन) चालवत असाल तर झेडएफएस_आर्क_मॅक्स, म्हणजे या मर्यादेची सेटिंग, स्वतः सेट करा. ५ पैकी ४.