कॉर्न स्नेकच्या अंड्यांसाठी घेतलेला थंड-गरम इनक्युबेटर

छोट्या फ्रिजएवढा, काचेच्या दाराचा हा इनक्युबेटर मी घेतला तो निव्वळ उन्हाळ्याच्या धास्तीने. कॉर्न स्नेक या पाळल्या जाणाऱ्या बिनविषारी सापाची अंडी २७ ते २९ अंशांत छान उबतात. खोलीच ३४ वर गेली तर नुसता हीटर असलेला डबा काय करणार? हीटर बंद करून गप्प बसणार. आणि उष्णता फार चढली की पिल्लं वाकड्या कण्याची निघतात, नाहीतर अंड्यातच मरतात. हे यंत्र गारही करतं. त्या एका कामात ते पुरेपूर उतरलं.

पडद्यावरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. त्याचा सेन्सर पंख्याजवळ आहे, म्हणजे तो हवेचं तापमान सांगतो, अंड्यांचं नाही. वरच्या आणि खालच्या कप्प्यात दीड अंशाचा फरक मिळाला. वेगळ्या थर्मामीटरचा प्रोब, म्हणजे तारेच्या टोकाचा सेन्सर, थेट अंड्यांच्या डब्यात ठेवा आणि त्यावरूनच सेटिंग ठरवा.

आतला पंखा हवा कोरडी करतो आणि सोबतचा पाण्याचा ट्रे तर नावालाच आहे. सापाच्या अंड्याचं कवच मऊ, चामड्यासारखं असतं; दमटपणा कमी पडला की ते लगेच पिचकतं. म्हणून झाकणाचा डबा हवाच. त्यात व्हर्मिक्युलाइट (पाणी धरून ठेवणारे खनिजाचे हलके दाणे) आणि तितक्याच वजनाचं पाणी घाला. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी गळू नये. एवढं जमलं तर यंत्राच्या आर्द्रतेकडे बघायचंही कारण नाही.

कंपनीने कोंबडीच्या अंड्यांसाठी फिरता ट्रे फुकट दिलाय. तो खोक्यातच राहू द्या! सापाचा गर्भ सुरुवातीलाच कवचाला आतून चिकटतो, नंतर अंडं उलटलं तर तो दगावू शकतो. मी वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करते आणि एकमेकांना चिकटलेली अंडी तशीच ठेवते. अंधारात टॉर्च लावून बघितलं की लाल शिरा दिसतात. त्यासाठी अंडं उचलायची गरज नसते.

काचेचं दार खरं कामाला येतं ते शेवटी, साधारण दोन महिन्यांनी. पिल्लू कवच चिरून नाक बाहेर काढतं आणि एखाद-दोन दिवस तसंच बसून राहतं, कारण उरलेला बलक अजून पोटात जायचा असतो. ओढून काढायचा मोह होतो, पण काढायचं नाही. दार न उघडता बघत बसता येतं, हे सुख आहे.

बॉल पायथन, म्हणजे छोटा अजगर, पाळणाऱ्यांनी एवढा खर्च करावा का? त्या अंड्यांना ३१-३२ अंश लागतात. खोली त्याच्या वर जात नसेल, तर थर्मोकोलचा डबा, हीट केबल आणि चांगला थर्मोस्टॅट पुरतो. खोली तापत असेल तरच हे घ्या, आणि झोपायच्या खोलीत ठेवू नका. पाचपैकी साडेतीन, अर्धा गुण मागच्या पंख्याच्या घरघरीने खाल्ला, उरलेला त्या पडद्याने.