नायट्रो बोटीचे नऊ महिने: सुईला हात लावण्यापूर्वी

गेल्या दसऱ्याला घेतलेली ३.५ सीसी इंजिनाची रेडिओ नियंत्रित नायट्रो बोट, म्हणजे नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर धावणारी छोटी मॉडेल बोट, आता नऊ महिने माझ्याकडे आहे. या काळात ती पाण्यावर जितकी धावली, त्याहून अधिक वेळ घरामागच्या पडवीत पाटावर उलटीसुलटी पडून माझ्या पान्यांखाली होती. मॉडेलचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे वर्णिलेल्या बिघाडांपैकी बहुतेक बोटीचे नव्हते, माझ्या घाईचे होते. आणि जे एक-दोन खरोखर बोटीचे होते, ते या जातीच्या कोणत्याही बोटीत उद्भवू शकतात.

बेळगावात अशी बोट घेणाऱ्याची पहिली अडचण पाण्याची असते. किल्ला तलावावर हा कर्कश आवाज फिरायला येणाऱ्यांना मानवणारा नाही, आणि राकसकोप जलाशयाचे पाणी शहराला पिण्यासाठी येत असल्याने तिथे तेलकट धूर सोडणारी वस्तू नेण्याचा विचारही मी केला नाही. शेवटी हुक्केरी तालुक्यातील मामांच्या शेतातले तळे, ज्याला तिकडचे कन्नड शेजारी कृषी होंड म्हणतात, ते आमचे बंदर झाले. घरापासून ते पन्नासेक किलोमीटर आहे. त्यामुळे काठावर इंजिन बंद पडले की एक पूर्ण रविवार वाया जातो, आणि कदाचित म्हणूनच बिघाडाचे मूळ शोधण्याची सवय मला थोडी लवकर लागली.

थोडी लवकर म्हणतो खरा, पण मुख्य बिघाडाने माझे डिसेंबर आणि जानेवारी हे दोन्ही महिने खाल्ले. बोट स्टँडवर उत्तम चालू व्हायची, पाण्यात सोडल्यावर पहिली फेरी झोकात मारायची, आणि दुसऱ्या फेरीत पूर्ण वेग दिल्यावर आवाज हळूहळू पातळ व उंच होत जाऊन इंजिन एकदम बंद पडायचे. थंड झाल्यावर ते पुन्हा निमूटपणे चालू व्हायचे. इंधन कमी आणि हवा जास्त झाल्याचे, म्हणजे मिश्रण लीन झाल्याचे हे लक्षण आहे, एवढे मला वाचून ठाऊक होते; म्हणून मी कार्ब्युरेटरवरील मुख्य सुई, जी इंधनाचे प्रमाण कमीजास्त करते, थोडी उघडली. मग बोट चालली, पण दाट पांढरा धूर सोडत, रेंगाळत, आणि वळणावर गुदमरत. सुई पुन्हा बंद केली की तोच पातळ आवाज परत येत असे. या खेळात तीन ग्लो प्लग, म्हणजे तापलेल्या तारेने इंधन पेटवणारे प्लग, गेले. तिन्हींची तार राखाडी पडून वाकडी झालेली होती, आणि मी मात्र प्लगच भंगार निघाले असे समजून चौथा मागवण्याच्या तयारीत होतो.

काठावर बसून हे सगळे पाहणारे मामा, ज्यांचा इंजिनांशी संबंध विहिरीवरच्या मोटारीपुरता आहे, एके दिवशी म्हणाले, "पाइप कुठंतरी फुटलाय बघ, आणि तू नुसता मोटारीचा स्विच दाबायलायस." त्यांनी ते सहज म्हटले होते, पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वेग कमी करण्याची कांडी मागे ओढल्यावरही इंजिनाचे फेरे लगेच न उतरता क्षणभर वरच लटकून राहतात, हे मी कित्येकदा ऐकले होते आणि दुर्लक्षिले होते. कुठूनतरी चोरटी हवा आत शिरत असल्याची ती खूण असते, आणि अशी हवा शिरत असताना सुई कुठेही ठेवली तरी ती एका वेगाला बरोबर आणि दुसऱ्याला चुकीचीच ठरते.

त्या संध्याकाळी इंधनाची टाकी बाहेर काढून तिच्या दोन नळ्या बंद केल्या, तिसरीतून तोंडाने हवा फुंकत ती बादलीत बुडवली आणि सायकलच्या दुकानात पंक्चर शोधतात तसे बुडबुडे शोधले. टाकी ठीक निघाली. पण सिलिकॉनची नळी रेडिओच्या डबीच्या धारदार कडेवर घासून जिथे वळते, तिथे सुईच्या टोकाएवढे छिद्र होते. त्यातून ओघळलेले इंधन धुरातल्या तेलात मिसळून गेल्याने आजवर दिसलेच नव्हते. नंतर सायलेन्सरचे तोंड आणि कार्ब्युरेटरचे तोंड रबरी बुचाने बंद करून, एका बुचातून ओवलेल्या नळीने हलकेच फुंकत सांध्यांवर साबणाचे पाणी लावले, तेव्हा कार्ब्युरेटर जिथे इंजिनात बसतो तिथल्या ओ-रिंगपाशी, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या रबरी कडीपाशी, फेस फुगला. शाफ्टच्या पुढच्या बेअरिंगपाशीही थोडा फेस येतो, पण तो फारसा मनावर घ्यायचा नसतो. ओ-रिंग चपटी झालेली होती. नळी आणि ओ-रिंग बदलली आणि सुई कारखान्याने सांगितलेल्या जागेच्या जवळपास आणून ठेवली, तेव्हा बोट पूर्ण टाकी संपेपर्यंत न थांबता धावली.

आता माझा क्रम ठरलेला आहे. इंधन नळीतून बुडबुड्यांशिवाय येते का, इंधन ढकलणारा सायलेन्सरचा दाब टाकीपर्यंत पोहोचतो का, प्लगची तार दीड व्होल्टवर नारिंगी तापते का की बॅटरी उतरल्याने नुसती मंद लाल होते, आणि सांधे घट्ट आहेत का, हे पाहून झाल्यावरच मी सुईला हात लावतो, आणि तोही एका वेळी अष्टमांश फेऱ्याहून जास्त नाही. स्टँडवर केलेली जुळणी अंतिम मानू नये, हेही या क्रमातच येते. कारण तिथे प्रोपेलरला पाण्याचा भार नसतो, फेरे भलतेच चढतात, आणि इंजिनाच्या डोक्याला थंड करणारे पाणीही मिळत नाही. काही सेकंदांपलीकडे बोट कोरडी पळवणे म्हणजे इंजिनाचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे होय.

फेब्रुवारीत बोट वळणावर उलटली आणि कार्ब्युरेटरमधून पाणी आत गेले. काठावर आणल्यावर माझ्या भाच्याने उत्साहाने सुरू करण्याची दोरी ओढायला घेतली, तेव्हा मी त्याचा हात धरला. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये ते असताना जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून, बोट पालथी धरून, फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचे जड चाक, हाताने फिरवत पाणी बाहेर काढले. इथवर सगळे बरोबर केले. चूक पुढे झाली. उशीर झाला म्हणून इंजिन पुन्हा चालू करून तापवले नाही, आत तेलही घातले नाही, आणि बोट तशीच गाडीत ठेवली. पुढच्या रविवारी फ्लायव्हील फिरवताना आत वाळू असावी तशी करकर लागली. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका टर्नरमामांकडे इंजिन नेले, तर कानाशी धरून त्यांनी दोन फेरे दिले आणि म्हणाले, "मागचं बेअरिंग गंजलंय बघा की." त्यांनी इंजिनाचा ॲल्युमिनियमचा सांगाडा तापवून लाकडावर एकदा आपटला आणि बेअरिंग आपोआप बाहेर पडले, ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगते, एवढीच त्यातली युक्ती. बेअरिंगवरचा क्रमांक पाहून त्यांनी दुसरे मिळवून बसवले. ओतकाम आणि यंत्रकामाच्या या वसाहतीचा या छंदाला केवढा आधार आहे, हे लहान गावातल्या छांदिष्टांना कळणार नाही.

इंधनाविषयी मी कंजूषपणा केला आणि त्याची किंमतही मोजली. मिथेनॉल, त्यात माझ्या वापरातले २० टक्के नायट्रोमिथेन आणि वंगणाचे तेल, असे हे मिश्रण असते. मिथेनॉल हवेतले बाष्प ओढून घेते. जूनच्या पहिल्या पावसात अर्धा डबा झाकण सैल राहून पडून होता, आणि त्यातल्या इंधनावर इंजिन अडखळत, तडतडत चालले. नवा डबा फोडताच ते सुरळीत झाले. मिथेनॉल विषारी आहे आणि उन्हात त्याची ज्वाला जवळजवळ दिसत नाही, म्हणून भाच्याला मी डब्याजवळ येऊ देत नाही.

थंडीत नवे इंजिन चालू करणेही सोपे नव्हते. या इंजिनात पिस्टन ज्यात सरकतो त्या पितळी बाहीवर क्रोमचा मुलामा असतो आणि ती वर निमुळती असते, त्यामुळे थंड असताना पिस्टन वरच्या टोकाला घट्ट अडकतो. हेअर ड्रायरने डोके कोमट करून मग दोरी ओढली तर ती तुटत नाही. माझी एक तुटली.

गोव्याच्या किनाऱ्यावरील मित्राने दिलेली सुईची जुळणी इथे रिच, म्हणजे जास्त इंधनाची, पडली, कारण बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, हवा विरळ आहे आणि तेवढेच इंधन तिला जास्त होते. उलट डिसेंबरच्या गार पहाटे हवा दाट असते, तेव्हा सुई थोडी उघडावी लागते. थंड करणारे पाणी बाहेर फेकणारी पिचकारी प्रत्येक फेरीत दिसते की नाही, हे मात्र मी ऋतू कोणताही असो पाहतो. तळ्यातल्या शेवाळाने पाणी घेण्याचे भोक दोनदा बुजले होते, आणि एकदा ते माझ्या उशिरा लक्षात आले.

एवढे सगळे वाचून कोणी मला ही बोट घ्यावी का असे विचारले, तर पाणी जवळ असेल आणि हात काळे करण्याची हौस असेल तर घ्यावी, नुसती धावणारी बोट हवी असेल तर विजेवर चालणारी घ्यावी, असे मी सांगेन. मामांच्या गोठ्यातल्या म्हशींनाही विजेची अधिक आवडली असती. सध्या पावसाने तळे गढूळ आहे, बोट माळ्यावर आहे, इंजिनात तेल घातलेले आहे. दर रविवारी मी फ्लायव्हीलचे दोन फेरे हाताने देतो. परवा वरच्या टोकाला पिस्टन पूर्वीइतका अडकला नाही, तेव्हा गणपती होताच पिस्टन आणि बाहीची जोडी मागवावी लागेल असे दिसते.