३,४९९ची ‘एक टीबी’ एसएसडी आणि आत निघालेलं मोबाईलचं कार्ड

पहिलेच सांगतो, म्हणजे कोणी मला ज्ञान पाजळायला नको. हो, मी कॉम्प्युटरवालाच आहे. ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, सातबारा काढून देणं, विंडोज टाकून देणं, असं माझं दुकान आहे. वर्धा नदीच्या काठची चार गावं माझ्याकडे येतात. पेनड्राइव्ह घ्यायचा असला तरी ‘त्याले विचारून घे’ म्हणतात. आणि मलाच खोटी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी ड्राइव्ह) देऊन ३,४९९ रुपयांची टोपी घातली. वर कॅश ऑन डिलिव्हरीचे ४९, म्हणजे ३,५४८. ज्यांना कळलं ते अजून हसून राहिले. हसा बाप्पा. पण निदान तुम्ही तरी वाचा.

भाचा नागपूरला डिप्लोमाला आहे, होस्टेलवर. त्याच्यासाठी ३५,००० च्या बजेटमध्ये गेमिंगचा कॉम्प्युटर मीच जुळवला. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, १६ जीबी रॅम, आत ५०० जीबीची एनव्हीएमई, म्हणजे मदरबोर्डवरच बसणारी वेगवान एसएसडी. इथपर्यंत एकही चूक काढून दाखवा. आता ५०० जीबीत विंडोज आणि दोन-तीन गेम बसले की जागा संपते, एकटा जीटीए फाइव्हच शंभर जीबीच्या वर जातो. कॉम्प्युटर राहणार गावात आणि गावातलं नेट म्हणजे मोबाईलचं, रोजचं २ जीबी. शंभर जीबीचा गेम उतरवायला पन्नास दिवस लागतील, तेही घरात दुसऱ्या कोणी व्हॉट्सअॅप उघडलं नाही तर. म्हणून ठरलं की गेम होस्टेलच्या वायफायवर उतरवायचे, बाहेरून लावायच्या ड्राइव्हवर भरायचे आणि सुटीत घरी आणायचे. हार्ड डिस्क मुद्दाम घेतली नाही. आतली तबकडी फिरती असते, एसटीच्या धक्क्यात तिचा भरवसा नाही आणि नवे गेम तिच्यावर रांगत उघडतात. एसएसडीच पाहिजे होती. हा विचार आजही बरोबरच आहे.

नामांकित कंपनीची १ टीबी पोर्टेबल एसएसडी तेव्हा सात हजारांच्या आसपास होती. बजेटमधले उरले होते ३,६००. आणि नेमकी सेलमध्ये ३,४९९ची दिसली. अॅप मोठं, गावातली अर्धी पोट्टी त्याच्यावरूनच कपडे मागवतात. रेटिंग ४.३, खाली दोन हजारांवर अभिप्राय. नावही ओळखीच्या कंपनीसारखंच, फक्त एक अक्षर इकडचं तिकडे. तुम्ही सांगा, यात संशय कशाचा घ्यायचा? दोन हजार अभिप्राय कोण वाचतं! नंतर वाचले. निम्मे लिहिणारे मोबाईलच्या कव्हरबद्दल बोलत होते. जुन्या, चांगल्या चाललेल्या वस्तूच्या पानावर फोटो आणि नाव बदलून नवीन माल चढवायचा ही असल्या विक्रेत्यांची जुनीच तऱ्हा, तुम्हालाही ठाऊक असेल. स्टार पाहू नका. सगळ्यात नवे अभिप्राय आधी लावा आणि एक-दोन स्टारवालेच वाचा.

पैसे आगाऊ भरले नाहीत, कॅश ऑन डिलिव्हरी घेतली, कारण सगळे तेच सांगतात. इकडे त्याचा काडीचा उपयोग नाही. कुरिअरवाला गावात येतच नाही, ‘भाऊ, फाट्यावर या’ म्हणून फोन करतो. गाडी चालू ठेवूनच ओटीपी मागतो, पैसे घेतो आणि निघतो. फोडून बघायचं म्हटलं तर म्हणे, ‘फोडायचं ऑप्शन यात नाही, घ्यायचं तर घ्या.’

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मला अजूनही रात्री चीड येते. दुकानात आणून ड्राइव्ह लावली. ‘धिस पीसी’ उघडलं. ड्राइव्हखाली जागा दिसली ९९९ जीबी.

मी खूश झालो.

कॉम्प्युटरची थोडी माहिती असणाऱ्याला इथेच कळलं असेल. खरी १ टीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते. कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, त्यातून हा फरक येतो. हे मी स्वतः लोकांना सांगत आलो. ३२चा पेनड्राइव्ह घेऊन गिऱ्हाईक भांडायला येतं की ‘२९च काहून दाखवते, तीन जीबी तुम्ही खाल्ले काय?’ तेव्हा मी कागदावर भागाकार करून दाखवतो. आणि त्या दिवशी ६८ जीबी जास्त दिसले, तर मला वाटलं, चला, माल भरपूर दिला. वस्तू जास्त दिसली की हिशोब करायची बुद्धी होत नाही, कमी दिसली तरच होते. समोर दोन गिऱ्हाइकं पीक विम्याच्या फॉर्मसाठी उभी होती, पोर्टल अडकलं होतं, हेही खरं. शांत बसलो असतो तर माझ्या नजरेतून हे सुटलं नसतं.

दुसरी खूणही त्याच दिवशी होती. कॉपी करताना स्पीड सेकंदाला ३८ एमबी. यूएसबी ३ वर चांगली एसएसडी चारशे-पाचशेच्या घरात जाते. ३८ म्हणजे सरळसरळ यूएसबी २ ची चाल. ड्राइव्हला टाइप-सी पोर्ट होतं म्हणून मी केबलवर शंका घेतली. पोर्टचा आकार कसा आहे यावरून आतला स्पीड कळत नाही, हे लिहून ठेवा.

यांची खरी लबाडी रिटर्नच्या मुदतीत आहे. मुदत सात दिवसांची. खोट्या ड्राइव्हच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपमध्ये, फेरफार केलेला असतो, आत खरे ६४ जीबी आणि विंडोजला सांगायचं १ टीबी. पहिले साठेक जीबी एकदम व्यवस्थित चालतात. त्यानंतर नवीन फाइल जुन्यावर चढते किंवा कुठेच लिहिली जात नाही, तरी फोल्डरमध्ये नाव दिसतं, साइजही दिसते. सात दिवसांत साठ जीबी कोण भरतं? भाचा सुटीत आला, ड्राइव्ह नागपूरला घेऊन गेला, दोन मोठे गेम भरून पोळ्याला परत आणली. कॉम्प्युटरला लावली तर एकही गेम उघडेना. आणि मी त्याआधी दुकानातली गेल्या चार वर्षांची स्कॅन केलेली कागदपत्रं आणि बहिणीच्या लग्नाची फिल्म तिच्यावर हलवली होती. कॉपी नाही, कट. दुकानाचा कॉम्प्युटर भरला होता, दुसरं करणार काय? नवीन ड्राइव्हवर पहिले सहा महिने कट करून काहीही टाकू नका.

तपासायला एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून पाहतं. माझ्या ड्राइव्हच्या चालीने पूर्ण टेस्टला सात-साडेसात तास नुसते लिहायलाच लागले असते आणि आमच्याकडे दुपारी लाइन गेली की टेस्ट पहिल्यापासून. शेवटी १०० जीबीपुरतीच लावली. ५९ जीबी ठीक, बाकी सगळं गहाळ. ज्यांच्याकडे एवढाही वेळ नसेल त्यांनी यूएसबी ड्राइव्हसाठी वॅलिड्राइव्ह वापरा, ते ठिकठिकाणी थोडंथोडं लिहून पाहतं, लवकर उरकतं. पण माल आला त्याच दिवशी लावा.

मग पेचकस घेऊन डबा उघडला. भाचा बाजूलाच होता. आत बोटाच्या पेराएवढी हिरवी पट्टी, तिच्या खोबणीत मायक्रो एसडी कार्ड बसवलेलं, वरून पांढऱ्या गोंदाचा लपका. बाकी सगळी पोकळी. आणि तळाला एक लोखंडी पट्टी चिकटवलेली. कापसावर पाणी मारून काट्यावर चढवतात ना, तसलाच प्रकार, हाताला जड लागावं म्हणून. ‘मामा, हे तं मोबाईलचं कार्ड होय,’ भाचा म्हणाला. मी त्याच्यावरच खेकसलो.

आता पुढचा तमाशा. अॅपच्या कस्टमर केअरवर आधी यंत्र बोलतं, मग माणूस बोलतो आणि दोघंही एकच बोलतात: रिटर्नची मुदत संपली. उघडलेल्या डब्याचे फोटो पाठवले तर उत्तर आलं की ‘उत्पादनाशी छेडछाड झाल्याने’ दावा ग्राह्य नाही. म्हणजे उघडली नाही तर पुरावा नाही आणि उघडली तर छेडछाड! पार्सल फोडतानाचा व्हिडिओ मागितला. आता फाट्यावर उभं राहून एका हाताने ओटीपी सांगू की दुसऱ्याने शूटिंग करू? विक्रेत्याचा पत्ता मागितला तर दूरच्या राज्यातल्या एका गाळ्याचा नंबर दिला. त्यावर रजिस्टर पोस्टाने नोटीस टाकली, ती ‘पत्ता सापडत नाही’ शेऱ्याने परत आली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत लिहिलंय की तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची. पोच मला मिळाली, मिनिटात मिळाली. महिना कधीच उलटून गेला.

तालुक्याच्या ठाण्यात गेलो. ‘साहेब बंदोबस्ताला गेले, बसा.’ बसलो. साहेब आले. ‘किती रुपयाची होती?’ साडेतीन हजार म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘तुम्ही तं कॉम्प्युटरवाले ना?’ हे वर. माल मिळाला म्हणजे फसवणूक कशी, हे मलाच समजावून सांगितलं. अर्जावर शिक्का मारून द्या म्हटलं तर शिक्का ज्याच्या कपाटात तो रजेवर. जिल्ह्याला पाठवलं. तिथे म्हणाले, खात्यातून पैसे उडाले असते तर आम्ही पाहिलं असतं, हे ग्राहकाचं प्रकरण. ग्राहकाच्या टेबलावर म्हणाले, बनावट माल म्हणजे गुन्हा, ठाण्यात जा. मी मधल्या पायऱ्यांवर उभा. दोघांची टेबलं एकाच शहरात, एकमेकांना फोन लावायला काय जातं? त्यांचा फोन वाचतो, माझं दुकान बंद राहते आणि एसटीचं तिकीट मी काढतो. एसटी आणि झेरॉक्स मिळून ६२० गेले. डेटा काढून देणाऱ्याने ‘वरून लिहिलं गेलंय, काही निघणार नाही’ हे सांगायचे ३०० घेतले. ३,५४८ चे झाले ४,४६८. साडेतीन हजाराला भुरटं म्हणणाऱ्यांनी सोयाबीन सवंगायला एक दिवस यावं, मग कळेल साडेतीन हजार म्हणजे काय.

जे कळायला मला इतकं फिरावं लागलं ते सांगतो. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० वर ताबडतोब फोन करा, त्यात उशीर चालत नाही. माल खोटा निघाला असेल तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि तक्रार ऑनलाइन टाकता येते. हे मला एकाही टेबलावर कोणी सांगितलं नाही.

घेताना: २५६ जीबीच्या वरच्या बाहेरून लावायच्या एसएसडीला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे. डब्यावर ‘आर’ने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून बघा. माझ्या डब्यावर नंबर नव्हता, उत्पादकाचा पत्ता नव्हता, होता तो फक्त चमकता स्टिकर. २०२५ च्या शेवटापासून मेमरीचे भाव चढले आहेत, त्यामुळे ‘जुन्या भावात’ म्हणणारा दिसला की पळा. पैसे कमी असतील तर ५०० जीबीच घ्या, पण ओळखीच्या दुकानातून आणि जीएसटी बिलावर. आतल्या एनव्हीएमईत जेन ३ की जेन ४, म्हणजे जुनी पिढी की नवी, यावर गेमवाल्यांनी फार डोकं घालू नये, गेम उघडायला फार फरक पडत नाही. त्या फरकाचे पैसे जागेवर घाला. जुन्या लॅपटॉपची साटा (जुन्या जोडणीची) एसएसडी पडून असेल तर चार-पाचशेच्या केसिंगमध्ये टाकून बाहेरून वापरा. भाचा आता तेच करतो.

तो विक्रेता अजून आहे. नाव बदललं, फोटो तोच, भाव ३,२९९. ज्यांच्याकडे असली ड्राइव्ह निघाली असेल त्यांनी बिल फेकू नका आणि डबा फोडण्याआधी दोन माणसांसमोर व्हिडिओ काढा. सारखीच तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, २०१९ च्या कायद्यात तशी सोय आहे. माझा अर्ज तयार आहे, बाकीच्यांच्या बिलांची वाट आहे.