ग्रॅहम पीठ: नाव तेच, कोंडा मात्र पारखून घ्या

अमेरिकेत ग्रॅहम पीठ, म्हणजे कोंड्यासकट जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ, घेताना पुडक्यावरच्या नावावर विसंबू नका. तिथल्या अन्ननियमांत ‘ग्रॅहम’ आणि ‘होल व्हीट’ ही एकाच पिठाची नावं आहेत. किमान 90 टक्के पीठ 2.36 मिलिमीटरच्या आणि किमान निम्मं 0.85 मिलिमीटरच्या चाळणीतून उतरलं की झालं. त्यामुळे बारीक पीठही याच नावानं विकता येतं. चिमूटभर बोटांत चोळा. कोंड्याचे पापुद्रे लागले तरच ते खरं ग्रॅहम पीठ.

ज्याच्यावरून या पिठाला नाव पडलं त्या अमेरिकी आहारसुधारक सिल्व्हेस्टर ग्रॅहमनं 1830च्या दशकातल्या व्याख्यानांत आग्रह धरला तो याच कोंड्याचा. ताजं दळलेलं, न चाळलेलं पीठ. घरी भाजलेला पाव. आणि तोही किमान 12 तासांनी खायचा. ताज्या दळणाची अट सोळा आणे खरी. दळताना अंकुरातलं तेल उघडं पडतं आणि पीठ खवट होतं. दळणाची तारीख नसेल तर पुडकं घेऊच नये. घरी आणल्यावर ते बंद डब्यात, फ्रीझरमध्ये ठेवावं.

पावासाठी 500 ग्रॅम पिठाला 390 ग्रॅम पाणी, 9 ग्रॅम मीठ आणि 4 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घ्या. आधी फक्त पीठ आणि पाणी कालवून 40 मिनिटं झाकून ठेवा. कोरडा कोंडा ग्लुटेनचे, म्हणजे कणकेला ताण देणाऱ्या प्रथिनाचे, धागे कापतो, भिजलेला कमी कापतो. इथे घाई केली की पाव विटेसारखा होतो. मग मीठ आणि यीस्ट घालून मळा. टिनमध्ये पीठ दीडपट फुगलं की भाजायला घ्या. दुपटीची वाट पाहिली तर ओव्हनमध्ये मधोमध खचतं. 200 अंश सेल्सिअसला साधारण 45 मिनिटं, गाभा 95 अंशांवर जाईपर्यंत भाजा. गरम गाभा सुरीला चिकटतो, दुसऱ्या दिवशी मात्र सुरेख पातळ काप निघतात. 12 तासांचा नियम इथे स्वयंपाकाच्या अंगानंही पटतो.

उंची कमीच राहते. एकतृतीयांश पीठ पावाच्या मैद्यानं बदललं तर पाव उंच होतो, पण ग्रॅहमला ते मुळीच चाललं नसतं.

त्याचं शरीरशास्त्र मात्र पिठाइतकं टिकलेलं नाही. पोटाला चेतवणारं सगळं घातक, या समजुतीतून त्यानं मिरी, मोहरी, चहा, कॉफी, मांस, सगळंच वर्ज्य ठरवलं. कोंड्यातली व्हिटॅमिनं त्याला ठाऊक असणं शक्यच नव्हतं, ‘व्हिटॅमिन’ हा शब्दच 1912 सालचा. त्याला कोंडा हवा होता तो मुख्यतः आतड्यांना चोथा मिळावा म्हणून, आणि ते बरोबरच होतं.

दुकानातली ग्रॅहम बिस्किटं या पिठाच्या जागी धरू नका. बहुतेकांत मैदा आणि साखरच जास्त असते.