मार्कस की सिनेमार्क? थिएटरचा एकच शेअर ठेवायचा झाला तर

अमेरिकेतल्या थिएटर कंपन्यांपैकी एखादीत पैसे घालायचे ठरवलं की शेवटी दोन नावं उरतात. एक विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीची मार्कस कॉर्पोरेशन, जिच्याकडे थिएटरं आहेत आणि हॉटेलंही. दुसरी टेक्ससची सिनेमार्क, जी फक्त सिनेमा दाखवते, पण अमेरिकेबरोबर लॅटिन अमेरिकेतही. काही काळ माझ्याकडे दोन्हींचे शेअर होते. आता एकाच कंपनीचे आहेत.

मार्कसची बाजू घेणारे बहुतेक जण म्हणतात की तिला दोन पाय आहेत, एक घसरला तर दुसरा सावरतो. मला हे फारसं पटत नाही. २०२० मध्ये थिएटरं बंद पडली तेव्हाच हॉटेलंही ओस पडली. मार्कसची विक्री आदल्या वर्षीच्या ८२ कोटी डॉलरवरून २४ कोटींच्या आत आली आणि तोटा साडेबारा कोटींच्या घरात गेला. सिनेमार्कची विक्री ३२८ कोटींवरून ६९ कोटींवर आली, तोटा जवळपास ६२ कोटींचा. म्हणजे मार्कसची घसरण सुमारे ७१ टक्के, सिनेमार्कची ७९. फरक आहे, पण दुसऱ्या पायाकडून एवढीच अपेक्षा नव्हती. एरवीसुद्धा जानेवारी ते मार्च हे महिने अवघडच जातात. विस्कॉन्सिनच्या कडाक्यात हॉटेलं थंड असतात आणि त्यातच सिनेमे पडले तर तिमाही पार बसते.

हॉटेलांनी हात दिल्याचं एक उदाहरण मात्र आठवतं. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक आणि कलाकार संपावर गेले, त्यामुळे २०२४ च्या पहिल्या सहामाहीत दाखवायला मोठे सिनेमेच कमी होते. त्याच वर्षी जुलैत रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन मिलवॉकीत भरलं आणि मार्कसच्या हॉटेलांची तिमाही झकास गेली. पण असं अधिवेशन काही दरवर्षी दारात येत नाही.

मग माझा कौल कशावर ठरला? भाड्यावर.

दोन्ही कंपन्यांचं कर्ज शेजारी शेजारी मांडायला बसलो की दर वेळी तिथेच अडायचो. कर्जाचं नफ्याशी असलेलं जे गुणोत्तर सगळे सांगतात, त्यात कर्ज म्हणजे बँका आणि रोखे. थिएटरच्या जागेचं पुढची अनेक वर्षं द्यायचं भाडं त्यात धरलेलं नसतं. २०१९ पासून अमेरिकी हिशेबनियमांनी ते ताळेबंदात आणलं खरं, पण वेगळ्या ओळीत. मी पेन्सिलीने तो आकडा कर्जात मिळवायचो आणि सिनेमार्कचं चित्र एकदम जड दिसायला लागायचं. यात कंपनीचा दोष नाही, मॉलमधली थिएटरं अशीच भाडेपट्ट्यावर चालतात. मार्कसच्या बहुतांश थिएटरांची जागा मात्र स्वतःची आहे, त्यामुळे ही ओळ तिथे तुलनेने हलकी.

ही ओळ एवढी का खुपते ते २०२० च्या एप्रिलमध्ये कळलं. थिएटरचा सर्वांत मोठा खर्च म्हणजे वितरकाचा वाटा. तो तिकिटांच्या विक्रीवर असतो, विक्री शून्य तर वाटाही शून्य. पॉपकॉर्नचा मका घ्यावा लागत नाही, बहुतेक माणसंही घरी बसतात. अंधाऱ्या थिएटरला न चुकता येणारी मोठी बिलं उरतात ती व्याजाची आणि भाड्याची. जागा स्वतःची असेल तर मालमत्ता कर भरावा लागतो, पण घरमालकाला फोन करून मुदत मागावी लागत नाही. त्या महिन्यात पडद्यांची संख्या बघणं मी सोडून दिलं आणि जमीन कोणाची ते बघायला लागलो.

म्हणून मार्कसच्या हॉटेलांकडे मी तिजोरी म्हणून बघतो. २००४ मध्ये त्यांनी बेमॉन्ट ही हॉटेलांची अख्खी साखळी ला क्विंटा या हॉटेल कंपनीला ३९.५ कोटी डॉलरना विकली. २०२२ च्या अखेरीस ओक्लाहोमा सिटीतलं स्कर्विन हिल्टन हॉटेलही विकलं. गरज पडली की विकता येईल असं काहीतरी हाताशी असतं.

या तिजोरीला खर्चही बराच लागतो, हे मान्य. मिलवॉकीचं फिस्टर हॉटेल १८९३ चं. अशा वास्तूच्या खोल्या, गालिचे, नळ सतत नवे करत राहावे लागतात आणि थिएटरांनी कमावलेली रोकड तिकडे जाते. शिवाय मार्कस घराण्याकडच्या ब वर्गाच्या शेअरला प्रत्येकी १० मतं आहेत, त्यामुळे काय विकायचं आणि कधी, हे तेच ठरवणार. १९३५ मध्ये रिपन गावातल्या एका थिएटरपासून सुरुवात केलेलं घराणं आहे, त्यांना घाई नसते. ज्याला घाई आहे त्याने हे आधीच लक्षात घ्यावं.

मार्कसचा अहवाल वाचताना दोन ठिकाणी सांभाळा. २०२४ पर्यंत तिचं वर्ष डिसेंबरच्या शेवटच्या गुरुवारी संपायचं, म्हणून २०२४ चे हिशेब २६ डिसेंबरलाच मिटले आणि नाताळनंतरचे ऐन गर्दीचे दिवस पुढच्या वर्षात गेले. आणि २०२४ चा जो ७८ लाखांचा निव्वळ तोटा दिसतो, त्यामागे २०२० मध्ये काढलेले परिवर्तनीय रोखे (म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज) परत घेण्याचा एकदाचा खर्च आहे.

सिनेमार्कवर अन्याय करायचा नाही. २०२४ मध्ये तिने सुमारे ३१ कोटी डॉलर निव्वळ नफा कमावला आणि २०२३-२४ या दोन वर्षांत तिचा शेअर मार्कसपेक्षा कितीतरी जास्त वाढला. मी तो आधीच विकला होता, त्यामुळे ती वाढ माझ्या वाट्याला आली नाही. पुढची दोन वर्षं मोठ्या सिनेमांची जातील अशी तुमची खात्री असेल आणि ब्राझील-अर्जेंटिनाच्या चलनाचे हेलकावे सोसत असतील, तर कदाचित तीच घ्यावी. पैसे १० वर्षं विसरून जायचे असतील तर मी मार्कस म्हणेन. लाभांश दोघींनी २०२० मध्ये थांबवला होता. मार्कसने तो २०२२ मध्ये पुन्हा सुरू केला, सिनेमार्कने २०२५ मध्ये.