स्टिकरवर ८०, काचेत ५०

स्कोपला (लांबचं बघायच्या एकनळी दुर्बिणीला) कॅमेरा लावून पक्ष्यांचे फोटो काढायचा, म्हणजे डिजिस्कोपिंगचा, नाद असेल आणि सेकंडहँड स्कोप शोधत असाल, तर हे आधी वाचा. माझे १४,००० गेले.

जाहिरात ऑनलाइन दिसली. २०-६०×८० (म्हणजे २० ते ६० पट मोठं दिसणार, पुढची काच ८० मिलिमीटर), ईडी काच (कडांना रंगीत किनार येऊ न देणारी), वॉटरप्रूफ, 'दोनदाच वापरलाय', वर कॅमेऱ्याचा अडॅप्टर फुकट. किंमत १८,५००. फोन केला तर माणूस भलताच गोड. "सर, अ‍ॅपमधून घेतलंत तर कमिशन जातं. थेट यूपीआय करा, १४ ला देतो. तुम्ही पक्षीवाले, तुमच्याकडून काय कमवायचं!" या शेवटच्या वाक्याला मी विरघळलो.

नमुना म्हणून त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. उडत्या रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा थवा, पीस न् पीस दिसतंय, चारही कोपरे लख्ख. इथेच मला कळायला हवं होतं. स्कोपमधून उडता पक्षी फ्रेममध्ये पकडता पकडता माणूस रडकुंडीला येतो, आणि कडा थोड्या तरी काळपट किंवा मऊ येतातच. तो फोटो मोठ्या टेलिफोटो लेन्सचा होता, बहुधा कुणाचा तरी ढापलेला. मूळ फाइल मागितली असती, तर कॅमेरा आणि लेन्सची माहिती त्यातच सापडली असती. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नुसता पाठवला की ती पुसली जाते, हे त्याला पक्कं ठाऊक असणार.

पार्सल आलं. गच्चीतून समोरच्या टाकीवरचा कावळा पाहिला, छान दिसला. घरात पेढे वाटायचेच बाकी होते.

मग भिगवणजवळ कुंभारगावला गेलो. माझा कॅमेरा जुना, छोट्या लेन्सचा, ३ पट झूमवाला. मुद्दाम जपलाय, कारण आयपीसला, म्हणजे स्कोपच्या डोळा लावायच्या काचेला, असाच कॅमेरा जुळतो, मोठ्या लेन्सला चोहोबाजूंनी काळं कडं येतं. १९९९ च्या सुमारास मलेशियाच्या लॉरेन्स पो यांनी ज्या निकॉन कूलपिक्स ९५० ने या प्रकाराला चालना दिली, त्याचीही लेन्स चिमुकलीच होती. 'फुकट' अडॅप्टर आयपीसवर डुगडुगत होता, तो पिशवीत टाकला आणि कॅमेरा हाताने धरला. काठावर शेकाट्या स्तब्ध उभा. २० पटीवर शटर आला १/२०० सेकंद, फोटो हललेला. शेजारच्या काकांचा स्कोपही ८० चाच. माझाच कॅमेरा त्याला लावला, तोच पक्षी, तोच आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता), तीच २० पट. शटर १/५००! म्हणजे काकांच्या स्कोपमधून अडीच पट प्रकाश येत होता.

काकांनी खिशातून पट्टी काढली. स्कोप उजळ आभाळाकडे केला आणि आयपीसपासून वीतभर मागून बघायला लावलं. आयपीसमध्ये प्रकाशाचा एक छोटा गोल ठिपका दिसतो, तोच एक्झिट प्युपिल. पुढच्या काचेचा व्यास भागिले पट, एवढा तो असायला हवा. ८० भागिले २०, म्हणजे ४ मिलिमीटर. माझा भरला जेमतेम अडीच. अडीच गुणिले २०, पन्नास.

नंतर पुढून मोबाइलचा टॉर्च मारला. काच ८० चीच आहे, पण तिच्यामागे नळीत काळ्या प्लास्टिकची चकती बसवलेली, मधोमध भोक. स्वस्त काच कडेकडेने धूसर दाखवते, म्हणून कडाच झाकून टाकलेली. भर उन्हात आपली बाहुलीच दोन-तीन मिलिमीटरची होते, त्यामुळे गच्चीवर डोळ्याला फरक कळलाच नव्हता. कॅमेऱ्याने मात्र लगेच दाखवला. आणि 'ईडी'चं म्हणाल, तर शेकाट्याच्या पांढऱ्या पोटाला जांभळी किनार होती.

फोन केला. "सर, ८० लिहिलंय ना? काच मोजा, ८० च आहे." खोटं तरी कसं म्हणणार! दुसऱ्या दिवसापासून नंबर ब्लॉक. पैसे बाहेरून दिल्यामुळे अ‍ॅपवाल्यांनी हात वर केले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पुढे अजून काही हललेलं नाही.

तेव्हा विकत घेताना पट्टी घेऊन जा, आभाळ उजळ असताना जा. लांबचा विक्रेता असेल तर ठिपक्यावर पट्टी धरलेला फोटो मागवा. टाळाटाळ केली तर सोडून द्या. आणि पैसे अ‍ॅपच्या आतूनच द्या, साडेचार हजार जास्त गेले तरी.

स्कोप आता भाच्याकडे आहे. चंद्रावरचे खड्डे बघायला ५० मिलिमीटर पुष्कळ झाले. स्टिकर खरवडून त्याने मार्करने खरा आकडा लिहिलाय.