पक्ष आपला, उमेदवार समोरचा पटतोय: मत कुठे द्यावं?

२० नोव्हेंबर २०२४ ला नांदेडच्या मतदारांनी एकाच दिवशी दोन मतं दिली. एक विधानसभेला, दुसरं लोकसभेच्या पोटनिवडणुकीला. खासदार वसंतराव चव्हाण यांचं ऑगस्टमध्ये निधन झालं होतं, म्हणून ती लागली होती. निकाल आला तेव्हा त्या मतदारसंघातल्या सहाच्या सहा विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या होत्या आणि खासदार मात्र काँग्रेसचे रवींद्र चव्हाण झाले होते, १,४५७ मतांनी. म्हणजे त्याच केंद्रावर, त्याच रांगेत उभं राहून कितीतरी जणांनी एक बटण इकडचं दाबलं आणि एक तिकडचं.

घरात वर्षानुवर्षं एकाच चिन्हावर शिक्का बसत आला असेल आणि या वेळी समोरच्या पक्षाचा माणूस जास्त लायक वाटत असेल, तर मनाची ओढाताण होते. मी ती अनुभवली आहे. यात गद्दारी काही नाही, मत तुमचं आहे. पण पक्ष की माणूस, याचं उत्तर प्रत्येक निवडणुकीत सारखं येत नाही. निवडून गेल्यावर त्या माणसाचे हात किती मोकळे राहतात, हे आधी बघावं.

लोकसभेत ते फार मोकळे नसतात. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी कायदा आला. पक्षाने व्हिप, म्हणजे कुठे मत द्यायचं याचा आदेश, काढला की खासदाराला तसंच मतदान करावं लागतं, नाहीतर सदस्यत्व जाऊ शकतं. गैरहजर राहूनही सुटका नाही. त्यामुळे समोरच्या पक्षाचा अभ्यासू, सज्जन उमेदवार तुम्ही दिल्लीला पाठवला, तरी अर्थसंकल्पाला किंवा अविश्वास ठरावाला त्याचं बोट त्याच्या पक्षाच्याच बटणावर जाणार. चांगल्या माणसाचा फरक पडतो तो संसदेत विचारलेल्या प्रश्नांत, समित्यांच्या कामात, वर्षाला ५ कोटींचा खासदार निधी कुठे लावला जातो त्यात. हे कमी नाही. पण देशाचं सरकार कोणाचं असावं याबद्दल तुमचं मत पक्कं असेल, तर लोकसभेला मी पक्षाकडेच झुकेन.

विधानसभेलाही व्हिप आहेच, आणि सरकार तिथूनच बनतं. तरी इथे माणूस जास्त जवळ येतो. पाण्याची योजना अडली, पोलीस ठाण्यात तक्रार घेईनात, पीक विम्याचे पैसे आले नाहीत की लोक आमदाराला फोन लावतात. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याने शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) गणपतराव देशमुखांना ११ वेळा निवडून दिलं. १९७२ आणि १९९५ चे पराभव सोडले तर १९६२ पासून २०१९ पर्यंत ते तिथले आमदार होते. राज्यात शेकापची ताकद ओसरत गेली तरी सांगोल्याचा हात सुटला नाही. इतर निवडणुकांत दुसऱ्या पक्षांना मत देणारी घरंही गणपतरावांना मत देत. माणूस असा असेल तर चिन्ह बाजूला ठेवायला माझी हरकत नाही. एवढंच लक्षात घ्या की राज्यात लढत अटीतटीची असेल तर एकेक आमदार मुख्यमंत्री ठरवतो, आणि तुम्ही पाठवलेला चांगला माणूस तुम्हाला नको असलेल्या मुख्यमंत्र्यामागे उभा राहील. ते पत्करायची तयारी आहे का, हे बटण दाबण्याआधी स्वतःला विचारा.

नगर परिषदेला मात्र मी मोकळेपणाने सांगेन की पक्ष ओलांडा. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडण्याची पद्धत २०१६ ला आली, २०२० ला गेली आणि २०२२ ला परत आली. त्यामुळे आता मतदाराकडे एक मत नगराध्यक्षासाठी असतं आणि प्रभागातल्या नगरसेवकांसाठी वेगळी मतं असतात. सगळी एकाच चिन्हाला द्यायचं बंधन नाही. कचरा, नळाचं पाणी, गटारं, बांधकाम परवाने यांत पक्षाच्या विचारसरणीपेक्षा सचोटी आणि रोजची हजेरी महत्त्वाची. यात एक धोका आहे आणि तो लपवू नये: नगराध्यक्ष एका पक्षाचा, सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, अशी अवस्था झाली की ठराव अडतात, सभा तहकूब होतात आणि शहराची वर्षं वाया जातात. नगरसेवकांनाही १९८६ च्या कायद्याने पक्षादेश बांधून ठेवतो. म्हणून नगराध्यक्ष समोरचा निवडणार असाल तर प्रभागातले नगरसेवक, कोणत्याही पक्षाचे असोत, त्याच्याबरोबर बसून काम करतील असे बघा. दोन्हीकडे भांडखोर माणसं निवडली तर पक्ष ओलांडूनही हाती काही येत नाही.

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्हच नसतं, लढत पॅनेलची असते. तिथे माणूस बघूनच मत द्यायचं.

नोटा, म्हणजे 'यांपैकी कोणीही नाही' हे बटण, दाबून किंवा घरी बसून हा प्रश्न सुटत नाही. नोटाला कितीही मतं पडली तरी लोकसभा-विधानसभेत सर्वाधिक मतांचा उमेदवारच निवडून येतो.

"पक्षाला मत दिलं की निदान पक्ष तरी पक्का," असं माझे एक काका म्हणायचे. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. चिन्ह बघून मत दिलेल्या लाखो लोकांचा आमदार सकाळी उठून पाहावं तर दुसऱ्याच बाजूला बसलेला. त्यानंतर काकांनी तो युक्तिवाद केला नाही. मलाही तेव्हापासून वाटतं की पक्ष बघून मत देणाऱ्यानेसुद्धा उमेदवाराची चौकशी करावीच. अर्जासोबतच्या शपथपत्रात त्याची मालमत्ता आणि त्याच्यावरचे गुन्हे लिहिलेले असतात, आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. आधी कोणत्या पक्षात होता आणि तिथून का निघाला, हे तर गावात कुणीही सांगेल. आणि प्रचाराला दारात आलाच, तर त्याला तोंडावर विचारा: पक्षाने सांगितलं एक आणि तालुक्याला हवं दुसरं, असं झालं तेव्हा तू काय केलंस? त्याच्याकडे सांगण्यासारखा एखादा खरा प्रसंग आहे का, ते ऐका.